अंगणातली वाट

"मी कुणाच्या अंगणातनं जाणार न्हाई," तात्या म्हणाले आणि वाटेतच थांबले.

समोर पिवळी पाटी होती. पाटीचा बाण सरळ एका शेतकऱ्याच्या घराकडे रोखलेला. डाव्या हाताला घर, त्याचं छप्पर इतकं खाली उतरलेलं की खिडक्यांनी डोक्यावर पदर घेतल्यासारखं वाटावं. उजव्या हाताला गोठा. आणि मधल्या फरसबंद अंगणातून, स्वयंपाकघराच्या खिडकीला खेटून वाट पलीकडच्या कुरणात जात होती. अंगणात सत्तरीची एक बाई रबरी बूट नळाखाली धूत होती.

"तात्या, वाटच इथून आहे. सगळे इथूनच जातात. पाटी सरकारी आहे."

"पाटी सरकारी असंल. अंगण तिचं हाय."

"तिची हरकत नाही."

"तुला सांगितलं व्हय तिनं?"

ही गोष्ट सोळा वर्षांपूर्वीची. मी तेव्हा बर्नला एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायचं काम करत होते आणि तात्या, म्हणजे माझे वडील, तीन आठवड्यांसाठी माझ्याकडे आले होते. आले म्हणण्यापेक्षा आईनं त्यांना पाठवलं होतं. आदल्या पावसाळ्यापासून ते नीट जेवत नव्हते, कुणाशी बोलत नव्हते, दिवसदिवस विहिरीच्या काठावर बसून राहत होते. "तुझ्याकडं ने त्यास्नी. मे महिन्यात रानात तरी काय काम असतंय? पेरणीच्या आधी परत आण," असं तिनं मला फोनवर बजावलं होतं. खानापूर तालुक्यातल्या आमच्या हिवरवाडीबाहेर पंढरपूर आणि मिरज सोडून कुठंही न गेलेला माणूस एवढ्या सहज विमानात कसा बसला, याचं मला तेव्हाच नवल वाटायला हवं होतं.

त्या रविवारी मी त्यांना एमेंटालच्या टेकड्यांत चालायला घेऊन आले होते. बर्नपासून आगगाडीनं तासाभराचा रस्ता, आणि पुढं पायवाट. कुरणं, मधेच सूचिपर्णी झाडांचं दाट रान, पुन्हा कुरण. सकाळपासून तात्या गावाकडच्यापेक्षा जास्त बोलले होते. पिवळ्या पाट्यांवर अंतराऐवजी वेळ लिहिलेली बघून त्यांनी विचारलं, "एक तास वीस मिनिटं म्हंजे कुणाच्या पायानं?" एका शेतकऱ्याचा उकिरडा बघून तर ते पाच मिनिटं हलले नाहीत. शेणातला पेंढा कडेनं दुमडून, पीळ देऊन रचलेला. "वेणी घातलीया उकिरड्याची," ते म्हणाले. आणि जिथं जिथं वाट गाईंच्या कुरणात शिरत होती तिथं वीज सोडलेल्या तारेला एक प्लास्टिकची मूठ होती. मूठ धरून तार काढायची, आत जायचं, पुन्हा अडकवायची. पहिल्यांदा मी दाखवलं. त्यानंतर प्रत्येक तार त्यांनीच काढली आणि त्यांनीच लावली. लावल्यावर एकदा ओढून बघत होते.

आणि आता हे अंगण आडवं आलं होतं.

"तू जा हितनं," ते म्हणाले. "मी वरच्या झाडीतनं वळसा घालून येतो. पलीकडं भेटू."

"तिथून वाट नाही."

"वळसा घालायला वाट कशाला लागती?"

मला राग आला. खरं सांगायचं तर ते आल्यापासून मला त्यांचा बऱ्याचदा राग आला होता, आणि त्याचं कारण अंगण नव्हतं. मी म्हटलं, "जा मग," आणि सरळ अंगणात शिरले. बाईनं मान वर करून "ग्रुएसेख" असा तिकडचा रामराम घातला, मीही घातला, आणि पलीकडं कुरणाच्या तोंडाशी एका ओंडक्यावर जाऊन बसले.

राग कशाचा होता ते सांगायला हवं.

तात्या आणि सर्जेकाका सख्खे भाऊ. वाटणी झाली तेव्हा डांबरी रस्त्याकडचं रान तात्यांकडं आलं आणि मागचं, ओढ्याकडचं, काकांकडं. काकांची वस्ती मागं असल्यामुळं त्यांची जायची-यायची वाट आमच्या बांधावरून होती. माझ्या चुलतबहिणीबरोबर, शैलाबरोबर, मी दहा वर्षं त्याच वाटेनं शाळेत गेले. मग एका वर्षी बांध कोरण्यावरून भांडण झालं. कोणी किती कोरला हे आजही मला माहीत नाही. तात्यांनी वाटेवर बाभळीच्या काट्या टाकल्या, पुढं तारेचं कुंपण घातलं. काका ओढ्यातनं ये-जा करू लागले. ओढा भरला की पलीकडच्या गावावरून नऊ किलोमीटरचा वळसा. तहसीलदाराकडं अर्ज झाले, पंच आले, जेवून गेले. अकरा वर्षं कुंपण तसंच राहिलं.

तात्या बर्नला आले त्याच्या आदल्या ऑगस्टमध्ये रत्नाकाकूला लकवा मारला. ओढा भरलेला होता. काकांनी शेजारच्याचा टेम्पो आणला, तिला आत घातलं आणि आधी आमच्या बांधाकडं आणला. तात्या रानात होते, पण विहिरीवरची मोटर चालू होती म्हणून त्यांना हाक ऐकू गेली नाही. टेम्पो मागं फिरला आणि नऊ किलोमीटर वळून मिरजेला गेला. डॉक्टर म्हणाले, तासभर आधी यायला हवं होतं. काकू वाचली. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं.

मोटर चालू होती, हे आमच्या घरातलं सगळ्यांत महत्त्वाचं वाक्य होतं. त्या वाक्यावर घर उभं होतं. तरीही तात्या एकदाही काकूला बघायला गेले नाहीत, आणि मोटरीच्या आवाजानं हाक ऐकू आली नसली तरी काट्या तर त्यांनीच टाकल्या होत्या. मला राग होता तो ह्याचा. पण मी त्यांना काही विचारलं नव्हतं. आमच्यात तशी पद्धत नाही.

वीस मिनिटं झाली. तात्या आले नाहीत.

मी ओंडक्यावरून उठले. वरच्या झाडीकडं बघत राहिले. रान काही मोठं नव्हतं, पण आत एक खोल घळ होती, हे मला नकाशावर दिसत होतं. आणखी दहा मिनिटांनी मी वर चढायला लागले. आत एकदम गार आणि अंधारलेलं. पायाखाली पानांचा थर, त्याच्या खाली ओलसर माती. घळीच्या तोंडाशी एका जागी माती ताजी घसरलेली होती, लांबच लांब ओरखडा खालपर्यंत गेलेला. मी हाका मारल्या. "तात्या", मग "तात्या" नुसतं नाही, त्यांचं पूर्ण नाव, आडनावासकट. त्यांच्याकडं फोन नव्हता. भाषा नव्हती. माझा पत्ता लिहिलेला कागदसुद्धा सकाळी मी माझ्याच पाकिटात ठेवला होता.

घळीत उतरले. ओहोळापर्यंत गेले. तिथं कुणी नव्हतं. परत चढताना मनात एकच गोष्ट येत होती, की मी त्यांना "जा मग" म्हटलं होतं.

तासाभरानं मी मदत मागायला त्या घराकडं धावत आले. अंगणात कुणी नव्हतं. स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती, आणि खिडकीतून मराठी ऐकू येत होतं.

मी भिंतीला टेकून उभी राहिले. आधी फक्त श्वास घेतला. तात्या आत होते. जिवंत होते. बोलत होते. खिडकीच्या कडेनं मला दिसलं, ते एका लाकडी बाकावर बसले होते, एक पाय पाण्याच्या बादलीत. समोर ती बाई रुबार्ब नावाच्या भाजीचे लालसर देठ चिरत होती. चिरायचं काम संथ चाललेलं आणि नजर त्यांच्या तोंडाकडं.

"बाई, तुम्हाला कळत न्हाई ते बरं हाय," तात्या म्हणत होते. "तुमच्या जागी कळणारं कुणी असतं तर माझ्या तोंडातनं ह्ये निघालं नसतं. तुमच्या अंगणातनं माझी पोरगी गेली, तुम्ही तिला रामराम घातला. मी माझ्या भावाला अकरा वरसं वाट दिली न्हाई. ह्ये सगळ्या गावाला ठाऊक हाय. पर एक कुणाला ठाऊक न्हाई."

बाईनं मान हलवली. तिला वाटलं असेल पाय दुखतोय म्हणतात.

"त्यानं हाक मारली. 'दादा, काट्या काढ, रत्नीला न्यायचंय.' दोनदा मारली. मी ऐकली, बाई. मी उसात व्हतो, पन्नास पावलांवर. मला वाटलं, आता कसा आला. आता कशी गरज लागली. मी खाली बसलो. उसात खाली बसलो, त्याला दिसू नये म्हणून. टेम्पो परत फिरल्याचा आवाज आला, तवा उठलो. उठून पळालो बांधाकडं, काट्या ओढल्या बी हातानं. पर टेम्पो गेल्ता. मग पुन्ना त्या काट्या हुत्या तशा लावल्या. कुणाला कळू नये म्हणून लावल्या. घरी जाऊन सांगितलं, मोटर चालू व्हती."

बाईनं सुरी खाली ठेवली होती.

मी किती वेळ तिथं उभी होते ते सांगता येणार नाही. आत जाऊ नये असं वाटत होतं. निघून जावं, अर्ध्या तासानं यावं आणि काही ऐकलं नाही असं दाखवावं, असंही वाटलं. आमच्या घरात तेच केलं असतं कुणीही. मग मी दाराशी गेले आणि दार वाजवलं.

तात्यांनी माझ्याकडं बघितलं.

"कवा आलीस?"

"मघाशीच."

"ऐकलंस?"

"हो."

"किती?"

"सगळं, तात्या."

त्यांनी बादलीतल्या पायाकडं मान घातली. बाईनं मला खुर्ची ओढून दिली, समोर कॉफीचा कप ठेवला. तिचं नाव मार्ग्रिट. ती बर्नकडची बोली बोलत होती, पण माझ्यासाठी सावकाश. त्यांना झाडीकडं जाताना तिनं बघितलं होतं. तिकडं घळ आहे हे तिला माहीत होतं, म्हणून बूट तसेच ओले घालून ती मागं गेली. ते ओहोळाशी बसलेले होते, घोटा मुरगळून. त्यांना ती मागच्या बाजूनं हळूहळू खाली घेऊन आली, तोवर मी ओंडक्यावरून उठून गेले होते. माझ्या हाका तिला इथं ऐकू आल्या नव्हत्या, याबद्दल तिनं माफी मागितली.

"कधीचे बोलतायत," ती म्हणाली. "मला एक शब्द कळला नाही. पण मधे बोलावंसं वाटलं नाही. त्यांचं कुणी गेलंय का?"

"नाही," मी म्हटलं. "सगळे आहेत."

"मग बरं आहे," ती म्हणाली.

"काय म्हणती?" तात्यांनी विचारलं. मी सांगितलं. मग ते म्हणाले, "तिला इचार. खिडकीखालनं लोकं जात्यात, त्याचा तरास हुत न्हाई का?"

मी विचारलं. मार्ग्रिट हसली.

"होतो ना. का नाही होणार? गेल्या रविवारी कुणीतरी तार उघडी टाकून गेलं. दुपारपर्यंत मी कालवडींच्या मागं पळत होते. माझा नवरा तर दर वर्षी म्हणायचा, वाट बंद करणार. म्हणत म्हणतच गेला."

तात्यांना मी सांगितलं. ते म्हणाले, "मग केली का न्हाई बंद?"

मार्ग्रिटनं जरा विचार केला. "वाट घरापेक्षा जुनी आहे. आणि फेब्रुवारीत बर्फ पडलं की आठ-आठ दिवस मी माणूस बघत नाही. कुणी गेलं खिडकीखालून तर तेवढंच. बंद केली असती तर मीच कोंडले गेले असते."

हे मी मराठीत सांगितलं. तात्यांनी बादलीतून पाय काढला. मार्ग्रिटनं टॉवेल दिला, तो त्यांनी घेतला आणि पाय पुसत राहिले. कोरडा झाला तरी पुसत राहिले.

"आत्ता तिकडं किती वाजलं असतील?"

"सहा. संध्याकाळचे."

"तुझ्या आईला लाव."

मी फोन लावला. तात्यांच्या हातात टॉवेल होता म्हणून स्पीकर सुरू केला. आईनं उचलला. तिच्या मागं म्हैस ओरडत होती.

"मी बोलतोय," तात्या म्हणाले. "वाट मोकळी कर. उद्याच कर. गडी लाव, काट्या काढ, तारा काढ."

फोनमधून नुसतं म्हशीचं ओरडणं आलं.

"ऐकू येतंय का?"

"येतंय," आई म्हणाली. "काढल्यात."

"काय?"

"काट्या काढल्यात. तुम्ही इमानात बसलासा त्याच्या तिसऱ्या दिवशी. मी आन् शेजारच्या दगडूच्या बायकुनं ओढून काढल्या. तारा सर्जेभावजींनी गुंडाळून ठेवल्यात. म्हणालं, दादाच्या तारा हैत, मागितल्या तर द्यायला पायजेत."

मला तेव्हा कळलं, आईला ते तीन आठवडे गावाबाहेर का हवे होते.

"मला इचारलं न्हाईस," तात्या म्हणाले.

"इचारलं असतं तर काय म्हणला असता?"

तात्यांनी खरंच विचार केला. "न्हाई म्हणलो असतो."

"मग?"

मार्ग्रिट पुन्हा देठ चिरायला लागली होती, पण अगदी हळू, आवाज होऊ नये असं.

"अगं, मला तुला एक सांगायचंय," तात्या म्हणाले. "त्या दिशी, मोटर..."

"मोटर चालू नव्हती," आई म्हणाली. "सकाळपासनं लाईट नव्हती. मी दळण न दळताच परत आणलं व्हतं गिरणीतनं."

तात्यांचा पुसता हात थांबला.

"मग इतके म्हयने बोलली का न्हाईस?"

"तुम्ही बोलशीला म्हणून थांबले. न्हाई बोलला. मग म्हणलं, काट्या तरी काढाव्यात. तेवढं माझ्या हातातलं." जरा थांबून ती म्हणाली, "भावजींना ठाऊक हाय का न्हाई, मला म्हाईत न्हाई. ते मी सांगणार न्हाई. ते तुमचं तुम्ही सांगा."

फोन ठेवल्यावर तात्यांनी टॉवेलाची घडी घातली. मग मला म्हणाले, "उठीव मला. तिकीट लवकरचं मिळतंय का बघ."

निघताना अंगणातूनच जावं लागणार होतं. मुरगळलेल्या पायानं दुसरा इलाज नव्हता. मार्ग्रिटनं तिच्या नवऱ्याची काठी देऊ केली, ती तात्यांनी घेतली नाही. त्यांनी माझ्या खांद्यावर हात टाकला आणि फरसबंद अंगण हळूहळू ओलांडलं, मान खाली न घालता. पलीकडं पोचल्यावर वळून त्यांनी तिला दोन्ही हात जोडले. तिनंही हातातली सुरी तशीच धरून हात जोडायचा प्रयत्न केला.

तिकीट चार दिवसांनी मिळालं. मी रजा काढून बरोबर आले, कारण त्यांना एकट्याला सोडायचं माझ्या मनात नव्हतं. आई अंगणात तांब्या घेऊन उभी होती. तात्यांनी पायावर पाणी घेतलं, चूळ भरली, पण घरात आले नाहीत. "चल," मला म्हणाले. आम्ही बांधाकडं गेलो. अकरा वर्षं चाक न गेल्यामुळं वाटेवर गवत माजलं होतं, आणि त्यात टायरच्या दोन ताज्या चाकोऱ्या उमटल्या होत्या. तात्या लंगडत होते. मधे दोनदा थांबले. मीही थांबले.

सर्जेकाका ओसरीवर होते. रत्नाकाकू बाजेवर बसलेली, उजवा हात मांडीवर ठेवलेला. शैला सासरी होती. आम्हाला बघून काकांनी हातातला दोर खाली ठेवला.

तात्या बसले नाहीत. उभ्या उभ्याच म्हणाले, "सर्जा, मोटर चालू नव्हती. मी ऐकलं हुतं. उसात बसलो हुतो मी. तुझ्या दोन्ही हाका ऐकल्या."

काका त्यांच्याकडं बघत राहिले. त्यांच्या तोंडावर काय होतं ते मला आजही नीट सांगता येत नाही. राग तर होताच. पण कुणीतरी ओझं एका बाजूला कलतं केल्यावर बैल अंग सावरतो, तसंही काहीतरी होतं. ते उठले, गोठ्याकडं गेले आणि आत शिरले. आतून बादली आपटल्याचा आवाज आला.

काकांनी तात्यांना माफ केलं असं मी म्हणणार नाही. ते त्यांनी कधी म्हटलं नाही आणि तात्यांनीही कधी विचारलं नाही. पुढं पेरणीला दोघांची बैलं एकाच रानात दिसली, एवढं खरं. त्या दिवशी मात्र अंगणात फक्त आम्ही तिघं होतो. तात्यांनी काकूकडं बघितलं, खाली मान घातली आणि परत फिरायला वळले.

काकूला त्या वेळी सगळे मिळून चारपाच शब्द येत होते. आई रोज दुपारी येऊन तिच्याकडून ते म्हणवून घेत होती. पाणी. शैला. नको. काकूनं डाव्या हातानं पदर डोक्यावर ओढला, एकदा घसरला तो पुन्हा ओढला, आणि तोंड वाकडं करत, एकेक अक्षर वेगळं काढत म्हणाली, "ब... सा."

तात्या थांबले. मग पायरीवर बसले, आणि गोठ्यातून काका परत येईपर्यंत बसून राहिले.